हिरवळीवरचे जोडे

जबलपूरसारख्या छावणीच्या गावी बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याला एक ना एक दिवस गोल्फचे बोलावणे येते. बोलावणारा बहुधा वरिष्ठ असतो. त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नसते. खेळ येत नाही ही अडचण त्या मानाने लहान, कारण तो शिकता येतो. खरा घोर लागतो तो निराळ्याच गोष्टींचा. अंगात काय घालावे? पायांत काय असावे? कोठे उभे राहावे, केव्हा बोलू नये? घरी विचारून उपयोग नसतो आणि कचेरीतल्या सोबत्यांना विचारण्याची लाज वाटते. या धास्तीमागे मोठा इतिहास आहे. तो पाहिला म्हणजे तिचा कोणता भाग रास्त आणि कोणता निष्कारण, हे बरेचसे उमगते.

आरंभ जबलपुरापासूनच करता येईल, जरी तो गोल्फचा नसला तरी. १८१७ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला, येथे छावणी वसली आणि छावणीमागोमाग साहेबांचे खेळ आले. १८७५ च्या पावसाळ्यात येथल्या डेव्हनशायर पलटणीच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून एक नवा खेळ रचला. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. वूलिचच्या लष्करी विद्यालयात नव्याने आलेल्या कच्च्या विद्यार्थ्याला थट्टेने 'स्नूकर' म्हणत; एका सोबत्याचा नेम चुकला तेव्हा तो शब्द आपल्या तोंडून निघाला व खेळाला चिकटला, असे चेंबरलेनने म्हातारपणी सांगून ठेवले आहे. १८८२ साली उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून लावण्यात आले.

त्या काळच्या मेसमध्ये हिंदी माणूस दिसे तो नोकर म्हणून. आज तोच खेळ गल्लीबोळांतल्या भाड्याच्या टेबलांवर चपला घातलेली मुले खेळतात. साहेबी कोट केव्हाच गळून पडला. गळ्यातला बो मोठ्या सामन्यांतल्या व्यावसायिक खेळाडूंपुरता उरला. परंतु दुसरा नेम धरीत असता त्याच्या नजरेसमोर हालू नये, आपला चुकून चेंडूला स्पर्श झाला तर तो आपणच सांगावा, या रीती मात्र टिकल्या. पोशाख सुटला तरी शिष्टाचार राहू शकतो, याचा हा आपल्या गावचाच दाखला. गोल्फमध्ये मात्र या दोहोंची गाठ अद्याप पुरती सुटलेली नाही.

ती गाठ मुळात नव्हती. गोल्फचे ज्ञात नियमांतले सर्वांत जुने नियम स्कॉटलंडातील लीथ येथे १७४४ साली लिहिले गेले. ती अवघी १३ कलमे. चेंडू कोठून मारावा, पाण्यात गेला तर काय करावे, कोणी आधी खेळावे, एवढेच त्यांत आहे. पोशाखाविषयी अक्षर नाही. पोशाख आला तो गरजेपोटी. खेळ चाले तो गावाच्या मोकळ्या माळावर, जेथे माणसे फिरत आणि गुरे चरत. दुरून भरधाव येणारा टणक चेंडू कोणास लागू नये म्हणून खेळणारे तांबडे डगले घालीत. लांबूनच लोकांनी ओळखावे आणि बाजूस व्हावे हा हेतू. आपल्याकडे सत्तावन्नचे युद्ध पेटले होते त्याच १८५७ साली तिकडे छापलेल्या गोल्फच्या एका पुस्तकात, जाड जोड्यांच्या तळाला बारीक खिळे ठोकून घ्यावेत असा सल्ला दिलेला आहे. ओल्या उतारावर पाय घसरू नये, यापलीकडे त्यात काही नव्हते. १९२० नंतरच्या दशकात गुडघ्याखाली चार इंच लोंबणारी 'प्लस फोर' विजार इंग्लंडच्या युवराजाने लोकप्रिय केली. तिच्याही मुळाशी पायचे ओल्या गवतात भिजू नयेत आणि पाय मोकळा राहावा ही सोय होती. पण सोयीचा पोशाख काही काळाने प्रतिष्ठेचा होतो, आणि प्रतिष्ठेचा झाला की दाराशी तपासला जाऊ लागतो. तांबडा डगला माणसांना चेंडूपासून वाचविण्यासाठी होता. पुढे तो क्लबाच्या सभासदत्वाची खूण झाला.

हिंदुस्थानात हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली, तर पुण्यात १८८५ साली क्लब निघाला. बंगालच्या ओल्या मातीत हिरवळ आपोआप वाढते. पण मध्य हिंदुस्थानातल्या आणि दख्खनच्या छावण्यांत उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरेना, तेथे गवताला कोठून आणावे? अशा ठिकाणी एक युक्ती काढली गेली. भोकाभोवती हिरवळीऐवजी वाळू पसरीत, ती उडू नये म्हणून तिच्यावर तेल शिंपडीत, आणि त्या तेलकट चौथऱ्याला हिरवळीचे 'ग्रीन' हे नाव सोडून 'ब्राउन' म्हणत. या वाळूवर प्रत्येक पावलाचा ठसा उमटे. म्हणून आपला खेळ आटोपला की ती वाळू ओढणीने सारखी करायची आणि मागून येणाऱ्यासाठी कोरी ठेवायची, अशी रीत पडली.

आपल्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. तालमीच्या हौद्यात उतरणारा पोर आधी पाय धुतो, तांबडी माती कपाळाला लावतो आणि मगच लंगोट कसून उभा राहतो. त्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ राखलेली असते. तिच्यात जोडा घालून कोणी पाय टाकला तर वस्ताद त्याची गय करणार नाही. गोल्फच्या हिरवळीचाही मान असाच राखला जातो. खिळ्यांचे जोडे घालून पाय फरपटीत गेले की गवताचे बारीक उंचवटे वर येतात. २०१९ पर्यंत नियम असा होता की आपल्या चेंडूच्या वाटेत दुसऱ्याच्या जोड्याने केलेला असा उंचवटा आला तरी तो दाबता येत नसे. म्हणजे पुढच्याच्या निष्काळजीपणाची शिक्षा मागच्याला. म्हणून पाऊल उचलून टाकावे आणि दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर कधी पाय देऊ नये, हा शिष्टाचार. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात लोखंडी खिळ्यांच्या जागी मऊ प्लॅस्टिकचे कंगोरे आले, २०१९ साली असे उंचवटे सारखे करण्याची मुभाही मिळाली; पण पाऊल जपण्याची सवय राहिली, हे योग्यच झाले.

बाकीचे शिष्टाचारही याच जातीचे आहेत. फटक्याने उखडलेले गवत परत जागी बसवावे किंवा खळगा वाळूने भरावा. वाळूच्या खड्ड्यात उतरल्यास आपल्या खुणा दाताळ्याने पुसून वर यावे. दुसरा नेम धरीत असता बोलू नये, हालू नये, आपली सावलीही त्याच्या वाटेवर पडू देऊ नये. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर 'फोर' अशी मोठ्याने हाळी द्यावी. हरवलेला चेंडू तीन मिनिटांहून अधिक शोधू नये. पूर्वी ही मर्यादा पाच मिनिटांची होती. मागची मंडळी चपळ असतील तर त्यांना वाट द्यावी. आणि सर्वांत अवघड म्हणजे, बहुतेक वेळा पंच जवळ नसल्यामुळे आपली चूक आपणच नोंदवावी. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्सचा चेंडू त्याने फटका मारण्यापूर्वी किंचित हालला. दुसऱ्या कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. त्याने स्वतःच्या हिशेबात एक दंडाचा फटका लावून घेतला. तेवढ्यामुळे सामना बरोबरीत सुटला आणि फेरखेळात तो हरला. लोकांनी वाहवा केली ती त्याला आवडली नाही. चोरी केली नाही याबद्दल कोणी माणसाची स्तुती करते काय, असा त्याचा भाव होता. ज्यांचा जन्म सरकारी फायलींत जातो त्यांना, आपल्याच कागदावर आपल्याविरुद्ध शेरा लिहिणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

हा झाला जमिनीचा आणि सोबत्याचा मान राखणारा भाग. दुसरा भाग दारापाशी सुरू होतो, आणि त्याचा इतिहास गोल्फपेक्षा जोड्यांच्या इतिहासात अधिक सापडतो.

आपल्याकडे बिछायतीवर जाताना जोडे बाहेर काढीत, कारण त्याच बिछायतीवर बसायचे असे. रीत समजण्याजोगी होती. इंग्रजांनी ती उचलली, पण खुर्चीवर बसून. आणि तिचा अर्थ बदलला. साहेबासमोर हिंदी माणसाने अनवाणी यावे, ही आता आदराची नव्हे, ताबेदारीची खूण झाली. १८५४ साली सरकारने ठरविले की युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्या हिंदी गृहस्थांना दरबारात व सरकारी समारंभांत ते घालून येता येईल. जोडा विलायती असेल तर पायांत, देशी असेल तर दाराबाहेर! एवढे होऊनही १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात मानकजी कावसजी एंटी या पारशी असेसरास जोडे घालून आत येऊ दिले नाही, आणि त्याने त्याविरुद्ध दाद मागितली. जमिनीशी या नियमाचा काही संबंध उरला नव्हता.

पुढच्या शतकात हाच नियम उलटा होऊन आला. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन याने एक क्लब काढला. गोल्फचे मैदान असलेल्या या क्लबाचे वैशिष्ट्य असे की युरोपीय आणि हिंदी या दोघांनाही तेथे सभासद होता येई. त्या काळच्या मुंबईत ही मोठी गोष्ट होती. त्याच विलिंग्डन क्लबाच्या दारातून १९८८ साली चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना परत पाठविण्यात आले. कारण एवढेच, की त्यांच्या पायांत जोडे नव्हते.

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, जेथे अनवाणी चालत येणाऱ्याला कोणी कमी लेखीत नाही. त्यांनी पादत्राणे सोडली त्याची हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे, आणि ती आपल्याला जवळची आहे. १९६४ च्या सप्टेंबरात दिल्लीत गजानन माधव मुक्तिबोध वारले. घर मराठी, लेखणी हिंदी, आणि जन्म सारा नोकरीच्या मागे गावोगाव फिरण्यात गेलेला. काही काळ ते या जबलपुरातही होते. त्यांच्या अंत्यसंस्काराला हुसेन गेले आणि तेव्हापासून त्यांनी जोडे घातले नाहीत. मुंबईच्या दारवानाला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या हाती नियम होता. परंतु त्या दिवशी त्या अनवाणी पायांनी कोणत्या हिरवळीची हानी होणार होती, याचे उत्तर त्या नियमात नव्हते.

असे प्रसंग तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१७ साली दिल्लीच्या गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून आलेल्या एका खासी स्त्रीला, तिचा पारंपरिक जैनसेम मोलकरणीच्या वेषासारखा दिसतो म्हणून, भोजनाच्या टेबलावरून उठून जाण्यास सांगण्यात आल्याचे प्रकरण देशभर गाजले. आणि याच क्लबाच्या मैदानावर काय घडले होते? दुसऱ्याच्या काठ्या खांद्यावर वाहणारा कॅडी म्हणून तेथे वाढलेल्या अली शेर याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, आणि १९९३ साली पुन्हा एकदा. कलकत्त्याच्या क्लबात हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने तीच स्पर्धा २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. या मुलांना खेळ शिकविला तो मैदानाने. कोणते गवत कोठे वळते, कोठे पाऊल टाकू नये, हे सभासदांपूर्वी त्यांना कळत होते.

गोल्फच्या आजच्या नियमपुस्तकातही पोशाखाचे बंधन घातलेले नाही. तो अधिकार त्या त्या समितीकडे सोपविला आहे. उलट सचोटीने खेळावे, इतरांचा विचार करावा आणि मैदान जपावे, या तीन गोष्टी अगदी पहिल्याच नियमात आहेत. २०१९ साली अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक दौऱ्याने सरावाच्या दिवशी आखूड विजार घालण्याची परवानगी दिली, तेव्हा खेळ बुडाला नाही.

नाशिकला 'गोल्फ क्लब' नावाचे मोठे मैदान आहे. तेथे आता क्रिकेटचे सामने होतात, आणि मैदानाला नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे. १९०९ साली याच नाशकात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडून फासावर गेलेला तो तरुण. गावकरी मात्र अजून 'गोल्फ क्लबावर जातो' असेच म्हणतात, आणि तेथे जाताना पायांत काय आहे हे कोणी पाहत नाही.

तेव्हा बोलावणे आले तर खुशाल जावे. कॉलरचा सदरा, साधी लांब विजार, डोक्याला टोपी आणि मऊ तळाचे जोडे एवढे पुरे. यजमानाच्या घरची रीत म्हणून तेवढी पाळावी, तिच्यापायी कर्ज काढू नये आणि तिची भीतीही बाळगू नये. मन लावून शिकायचे ते दुसरे. काठ्या वाहणाऱ्या मुलाला नावाने हाक मारावी. वाळूतून बाहेर येताना दाताळे त्याच्या हाती देऊन निघून जाऊ नये. मागे वळून आपल्या पावलांच्या खुणा आपणच पुसाव्यात, आणि मग पुढच्या भोकाकडे चालू लागावे.