फेनतरण

फेनतरण : दळलेल्या धातुकातील खनिजाचे कण हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून फेसाबरोबर वर काढण्याची आणि मृदा अशुद्धी पाण्यात मागे ठेवण्याची पद्धत. तांबे, शिसे व जस्त यांच्या सल्फाइड धातुकांसाठी ती मुख्यतः वापरतात. कॅल्कोपायराइट हे तांब्याचे खनिज वाळूपेक्षा जड, तरी तेच तरंगते. कारण इथे वजन पाहिले जात नाही, कणाचा पृष्ठभाग पाण्याने भिजतो की नाही एवढेच पाहिले जाते.

धातुक प्रथम बॉल मिलमध्ये साधारण 0.1 मिमी. किंवा त्याहून बारीक दळून पाण्यात त्याचा पातळ लगदा करतात. तांब्याच्या धातुकात चुना घालून सामू 10 ते 11 पर्यंत नेला की निरुपयोगी पायराइट सहसा वर येत नाही. मग झँथेट घालतात. त्याच्या रेणूचे एक टोक सल्फाइडला धरते, दुसरे पाणी झिडकारते. शालेय पुस्तके सगळे श्रेय पाइन तेलाला देतात, ते अर्धेच खरे: कारखान्यात तेलाचे काम फेस टिकवण्याचे, कण निवडण्याचे काम झँथेटचे. टाकीत पंखा फिरतो, हवा सोडली जाते आणि खनिजाने लडबडलेला फेस काठावरून पन्हळीत पडतो. फेसाचा रंग व बुडबुड्यांचा आकार पाहून अनुभवी कामगार मात्रा कमीजास्त करतो.

1877 मध्ये ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी ग्रॅफाइटसाठी अशा पद्धतीचे पेटंट घेतले. धातुकांसाठी तिचा मोठा वापर विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिलला सुरू झाला. टाकाऊ म्हणून साठलेल्या ढिगाऱ्यांतून तिथे जस्त मिळू लागले. झँथेट आले 1925 च्या सुमारास.

विदर्भाला जवळचे ठळक उदाहरण गोंदियाशेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड. हिंदुस्तान कॉपरचा हा प्रकल्प 1982 पासूनचा. तेथील धातुकात तांबे जेमतेम एक टक्का. अशा 100 टन दगडातले 90 टक्के तांबे हाती आले आणि फेसातून मिळालेले सांद्रित 25 टक्के तांब्याचे निघाले, तर भट्टीकडे जातात फक्त 3.6 टन. उरलेले 96 टनांहून अधिक बारीक पीठ बांध घालून साठवावे लागते. पद्धतीची खरी किंमत तिथे मोजावी लागते. त्यातील सल्फाइडांवर हवा-पाण्याची क्रिया झाली तर आम्लयुक्त पाणी झिरपते.

भंडारा-नागपूरकडच्या मँगनीजसाठी मात्र फेनतरण क्वचितच लागते. ते बहुतांशी ऑक्साइड व जड असल्याने हाताने निवडणे, जिगमध्ये धुणे आणि चुंबकाने वेगळे करणे यांवर भागते. कोणत्या धातुकाला कोणती पद्धत मानवेल, याच्या चाचण्या भारतीय खाण ब्युरोच्या नागपूरजवळील हिंगणा येथील प्रयोगशाळेत होतात.