पारसीबागान ते गोवा : संवादोपचाराची शंभर वर्षे

केवळ बोलण्याने मनाचा आजार बरा होऊ शकतो, हे विधान विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहजी पटत नाही. मलाही पटत नव्हते. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी प्रयोग वारंवार फसत होता, झोप उडाली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने समुपदेशकाकडे जाण्याचे सुचवले, तेव्हा मी विचारले, "त्याचा परिणाम मोजायचा कसा?" भारतातील मानसोपचाराचा इतिहास हा बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

त्याचे एक ठळक पान कोलकात्यात उलगडते. गिरीन्द्रशेखर बोस हे वैद्यकीचे पदवीधर. 'दमन' या संकल्पनेवरील प्रबंधासाठी १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. मानसशास्त्रातील ही भारतातील पहिली डॉक्टरेट मानली जाते. १९२२ मध्ये पारसीबागान लेनमधील आपल्या घरी त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. मात्र तो शिष्याने गुरूला मान डोलवावी असा नव्हता. प्रत्येक इच्छेसोबत तिच्या विरुद्ध इच्छाही मनात वसते आणि या द्वंद्वातून दमन घडते, असे बोस यांचे स्वतंत्र प्रतिपादन होते. १९४० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू झाले.

मनोविश्लेषणाला वेळ फार लागतो आणि त्याची कसोटी घेणे कठीण. पुढे अन्य वाटा निघाल्या. कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशकाच्या निरपेक्ष स्वीकाराला आणि सहानुभूतीने ऐकण्याला केंद्रस्थानी आणले. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात अविवेकी समजुतींना आव्हान देणारी विवेकनिष्ठ पद्धत मांडली. आरन बेक यांनी नैराश्यातील विचारांच्या विकृतींवर काम करणारी बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. या नव्या पद्धतींची सत्रे मर्यादित आणि उद्दिष्टे स्पष्ट असल्याने त्यांची चाचणी घेणे तुलनेने सुकर झाले.

अशी एक महत्त्वाची चाचणी गोव्यात झाली. 'संगत' संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा सुधारित स्वरूपात मिळाली. दुसऱ्याला त्यासोबत सहा ते आठ सत्रांचे समुपदेशन. समुपदेशक होते मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण प्रशिक्षित स्थानिक नागरिक. रुग्णाला पुन्हा दैनंदिन, अर्थपूर्ण कृतींकडे वळवणे हा उपचाराचा गाभा. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ठरावीक पातळीखाली उतरली होती. पहिल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष २०१७ मध्ये छापले.

यातील ३९ हा आकडा ६४ इतकाच मोलाचा आहे. समुपदेशनाविनाही काही जण सावरतात. म्हणूनच तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर श्रेय कशाला द्यायचे हे कळत नाही. आणि समुपदेशन मिळूनही जे ३६ टक्के सावरले नाहीत, ते हेही सांगतात की एकच उपचार सर्वांना पुरत नाही. तीव्र आजारात औषधांची, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची गरज असते. अभ्यासाचा ताण, दुःख, नात्यांतील पेच यांत समुपदेशन पुरेसे ठरू शकते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. गोव्यातील प्रयोगाचे महत्त्व या दरीच्या काठावर उभे राहिले की कळते. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मी समुपदेशकाकडे गेलो, पण आठ महिने उशिरा. त्याने प्रयोग यशस्वी झाला नाही; झोप मात्र परतली. पुरावा असतानाही तो तपासून न पाहणे ही वैज्ञानिकाची चूक होती. तुम्ही ती करू नका.