लहान देशांचा करंडक

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद ज्यांना होता, त्यांनी 'हेल्व्हेशिया' हे नाव नक्की पाहिले असेल. नकाशात कितीही शोधले तरी या नावाचा देश सापडत नाही. कारण ते स्वित्झर्लंडचे लॅटिन नाव आहे. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा एका घरात नांदणार. मग तिकिटावर नाव कोणत्या भाषेत छापायचे? त्यांनी चौघींना बाजूला ठेवून पाचवीचे नाव घेतले. कुणाला कमीपणा नको, ही त्यामागची समजूत.

याच नावाचा एक करंडक बॅडमिंटनमध्ये होता. हेल्व्हेशिया करंडक. 1962 मध्ये ही सांघिक स्पर्धा सुरू झाली आणि 2007 मध्ये शेवटची झाली. आपल्याकडच्या क्रीडापानांवर तिची बातमी क्वचितच आली असेल. ज्या देशांना बॅडमिंटनमध्ये कोणी विचारत नव्हते, अशा युरोपीय देशांसाठी ती होती. तरीही तिच्याविषयी बोलावे असे मला वाटते. हरणाऱ्याने काय करायचे, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर तिच्यात आहे.

आधी 'लहान देश' म्हणजे काय ते पाहू. लोकसंख्येने लहान, असे कोणी म्हणेल, पण बॅडमिंटनचा हिशेब वेगळा आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षाही कमी. पण बॅडमिंटनमध्ये तो महासत्ता आहे. 2016 मध्ये इंडोनेशियाला 3-2 असे हरवून त्याने थॉमस करंडक जिंकला. आशियाबाहेर हा करंडक नेणारा तो पहिला देश. उलट सुरुवातीच्या वर्षांत हेल्व्हेशिया स्पर्धेत पश्चिम जर्मनी खेळत असे. कारखान्यांत, व्यापारात, फुटबॉलमध्ये मोठा असलेला हा देश शटलच्या खेळात लहानांच्या पंगतीला बसत होता. थोडक्यात, लहान-मोठेपण ज्या त्या अंगणात ठरते.

या खेळाशी आपले नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि त्याला 'पूना' असेच म्हणत. सुरुवातीचे नियमही तिथेच बांधले गेले. पुढे इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या बॅडमिंटन हाउसवरून खेळाला आजचे नाव मिळाले. 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे सभासद देश होते फक्त नऊ. सर जॉर्ज थॉमस यांनी देशादेशांतल्या पुरुष संघांसाठी करंडक दिला 1939 मध्ये; पण महायुद्धामुळे पहिली स्पर्धा 1948-49 च्या हंगामात झाली. मलायाने अंतिम लढतीत डेन्मार्कला 8-1 असे हरवले.

हा आकडा लक्षात घ्या. त्या काळी थॉमस करंडकाच्या एका लढतीत नऊ सामने असत. डेन्मार्कसारखा संघ 8-1 ने हरतो, तर नवशिक्या देशांची काय गत होत असेल? विभागीय फेरीत यायचे, एकदा सपाटून हरायचे आणि घरी जायचे. पुन्हा तीन वर्षे थांबायचे.

कॉलेजच्या दिवसांत मी तालुक्याच्या संघातून जिल्ह्याच्या स्पर्धेला जात असे. पहिल्याच फेरीत शहरातल्या नावाजलेल्या क्लबची गाठ पडायची. 15-2, 15-1. वीस मिनिटांत सगळे आटोपायचे आणि दुपारच्या एसटीने आम्ही परत. अशा पराभवातून शिकायला मिळते, असे म्हणण्याची रीत आहे. मला विचाराल तर फारसे काही शिकायला मिळत नाही. शटल जमिनीवर पडल्यावरच दिसते. ते कुठून आले, हे कळायलाही थोडी बरोबरी लागते. आमच्या संघातली निम्मी मुले दुसऱ्या वर्षी आलीच नाहीत.

हेल्व्हेशिया करंडकाने नेमके हेच दुखणे ओळखले. बलाढ्य देश त्यात नसत. एकमेकांच्या आवाक्यातले देश एका गावी जमत आणि चार-पाच दिवस लढत. म्हणजे एका हरण्याने परतीची गाडी धरायची नाही; उद्या दुसरा सामना आहे. पुढे हीच स्पर्धा युरोपीय सांघिक स्पर्धेची दुसरी पायरी, म्हणजे 'ब' गट, म्हणून ओळखली जाऊ लागली.

मिश्र सांघिक लढतीची रचनाही इथे समजून घ्यायला हवी. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे पाच सामने. तीन जिंकेल त्याची लढत. एखाद्या लहान देशात नशिबाने एक असामान्य खेळाडू निघाला, तरी तो एकेरी आणि एक दुहेरी असे दोनच गुण आणून देऊ शकतो. तिसरा गुण इतरांनी मिळवायचा. त्यात मुलींना खेळवल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण पाचांपैकी तीन सामन्यांत त्या असतातच. एका ताऱ्यावर चालणाऱ्या देशाला ही रचना सक्तीने संघ बांधायला लावते. प्रशिक्षक, सराव, मुलींसाठी वेळा, हे सगळे मग ओघाने येते.

2007 ची शेवटची स्पर्धा आइसलँडमध्ये झाली, तीही जानेवारीत. तेव्हा तिथे दिवसाचा उजेड जेमतेम पाच-सहा तास असतो. देशाची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या तालुक्याची असते तेवढी. त्या आइसलँडने आपल्याच प्रेक्षकांसमोर हा करंडक जिंकला. जगाच्या दृष्टीने ती चार ओळींची बातमी होती. पण पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये आणि नंतर 2012 मध्ये लंडनला त्यांची राग्ना इंगोल्फ्सडॉटिर कोर्टवर उतरली, तेव्हा तिच्यामागे एक जिंकलेला देश होता.

त्यानंतर हा करंडक थांबला. युरोपची सांघिक स्पर्धा सर्वांसाठी एकच झाली. आता लहानमोठे सगळे पात्रता फेरीत उतरतात. अलीकडच्या स्पर्धांत अंतिम टप्प्यात आठच देश असतात. यात एक न्याय आहे. कुणाला 'ब' म्हणायचे नाही, दार सर्वांना उघडे. शिवाय माणसे मोठ्यांशी खेळूनच मोठी होतात, हेही खोटे नाही. एके काळी लहानांत खेळलेल्या जर्मनीने 2013 मध्ये डेन्मार्कला नमवून युरोपीय सांघिक विजेतेपद मिळवले. स्पेनला तर बॅडमिंटनमध्ये कोणी गणतीत धरत नव्हते. 2016 मध्ये रिओला त्याच देशाच्या कॅरोलिना मारिनने आपल्या पी. व्ही. सिंधूला हरवून सुवर्णपदक नेले.

तरीही मला वाटते, काहीतरी हरवले. पात्रता फेरीतून पुढे जाणे वेगळे आणि करंडक उचलणे वेगळे. फेरी पार केली की मोठ्यांच्या दारात उभे राहायला मिळते. करंडक जिंकला की स्वतःच्या घरात दिवा लागतो. माल्टा किंवा लक्झेंबर्गच्या मुलाला युरोपचे विजेतेपद या जन्मी दिसणार नाही, हे त्यालाही माहीत असते. त्याच्या आवाक्यातले एखादे शिखर असावे की नाही?

आपल्याला ही कल्पना परकी नाही. मुंबईच्या पावसात चिखल तुडवत चालणारी कांगा लीग 'अ' पासून 'ग' पर्यंत गट करून खेळवली जाते. खालच्या गटातला क्लबही आपल्या गटात पहिला येण्यासाठी जिवाचे रान करतो. सुदिरमन करंडकातही अनेक वर्षे असे स्तर होते, आणि भारत काही काळ खालच्या स्तरातून खेळला आहे. त्याच भारताने 2022 मध्ये बँकॉकला इंडोनेशियाचा 3-0 असा पराभव करून थॉमस करंडक जिंकला. त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता.

आज गावोगाव इनडोअर हॉल झाले, रॅकेटी स्वस्त झाल्या. मुले येतात, दोन स्पर्धा हरतात आणि दिसेनाशी होतात. अशा वेळी जिल्हा संघटनांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. पहिल्या फेरीत हरलेल्यांचा वेगळा गट करावा, त्यांचे सामने त्याच हॉलमध्ये लावावेत आणि त्या गटालाही बक्षीस ठेवावे. खर्च होईल तो एका करंडकाचा आणि डझनभर शटलचा.