दमा
दमा : श्वासनलिकांच्या चिरकारी शोथामुळे श्वासोच्छ्वासास वारंवार अवरोध करणारा विकार. चरकसंहितेतील पाच श्वासरोगांपैकी तमकश्वासाशी त्याचे साम्य आहे. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत धूळ, पराग वा धूर यांच्या संपर्काने नलिकांचे स्नायू आखडून, अस्तर सुजून व चिकट कफ साचून (पहा : अधिहर्षता) धाप, छातीत घरघर व पहाटे बळावणारा खोकला ही लक्षणे उद्भवतात. टेंभुर्णीसारख्या (ता. जाफ्राबाद, जि. जालना) कापूस पिकविणाऱ्या मुलखात चुलीतील पऱ्हाटीचा धूर, मळणीचा भुसा व गाजरगवताचे पराग ही संभाव्य उद्दीपके होत. चिरकारी धूम्रजन्य विकारांतील अवरोध (पहा : वातस्फीती) बहुधा कायम राहतो, तर दम्यातील अवरोध श्वासावाटे घेतलेल्या औषधांनी बव्हंशी निवारता येत असल्याने श्वसनमापनाद्वारे हा भेद निश्चित करणे उपचारदृष्ट्या महत्त्वाचे ठरते.