पोटाचें पहिलें दार

देवगिरीच्या किल्ल्यांतील अंधारी ज्यानें पाहिली आहे त्यास हें सहज पटेल कीं, घात होतो तो बहुधा आंत शिरतांनाच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही हेंच सांगतो. पोट न फाडतां लहान छिद्रांतून पित्ताशय काढण्याची कला आज सर्वपरिचित आहे. परंतु तिच्यांतील पहिलें छिद्र पुष्कळदां न पाहतांच पाडावें लागतें. बेंबीच्या मागें, कृश माणसांत तर अगदींच जवळ, महाधमनी असते आणि तिच्या पुढें आंतड्यांचीं वेटोळीं.

१९०१ मध्यें जर्मनीच्या गेओर्ग केलिंग यांनीं एका कुत्र्याच्या पोटांत गाळलेली हवा भरून दुर्बिणीनें आंत पाहिलें. पोट फुगविल्यानें भिंत वर उचलली जाते व जागा होते. पण हवा भरावयाची तर सुई खुपसणें आलेंच. यावर उपाय निघाला तो भलत्याच रोगाच्या निमित्तानें. हंगेरीचे यानोश व्हेरेश क्षयरोग्यांच्या छातींत हवा भरीत असत. फुप्फुसास इजा होऊं नये म्हणून त्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत स्प्रिंगची सुई योजिली. कठीण पडदा लागला कीं तिच्यांतील बोथट दांडी मागें सरते, आणि पोकळी येतांच पुढें येऊन तीक्ष्ण टोंकाचें रक्षण करते. हीच सुई पुढें पोटासाठीं रूढ झाली.

तथापि सुईमागून जाणारा अणकुचीदार ट्रोकार आंधळाच राहिला. म्हणून १९७१ मध्यें अमेरिकेंतील हॅरिथ हॅसन यांनीं बेंबीपाशीं चीर देऊन, एकेक थर डोळ्यांनीं पाहत, बोथट टोंकाची नळी बसविण्याची रीत मांडली. पॅरिसचे रावूल पामर यांनीं डाव्या बरगड्यांखालील जागा सुचविली. जुन्या शस्त्रक्रियेमुळें बेंबीजवळ आंतडीं चिकटलेलीं असलीं तरी ती बहुधा मोकळी असते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उदवाडिया १९७२ पासून दुर्बिणीनें निदान करीत होते. १९९० मध्यें त्यांनीं तेथें भारतांत प्रथमच या रीतीनें पित्ताशय काढलें. आधीं १८ वर्षें शिरून पाहण्याचा सराव, आणि मग कापण्याचें धाडस, असा हा क्रम होता.

या रीतींपैकीं सर्वश्रेष्ठ कोणती, याचा निर्णय तुलनात्मक अभ्यासांनीं अद्याप लागलेला नाहीं. उघड्या रीतीनेंही आंतडें दुखावूं शकतें. यास्तव जाणता शस्त्रवैद्य रोग्याची शरीरयष्टि व जुने व्रण पाहून दार निवडतो, आंतील दाब मोजतो, आणि शिरतांच प्रथम आपल्याच वाटेवर कांहीं दुखावलें नाहीं ना, हें पाहतो. रोग्यानेंही पूर्वींचें ऑपरेशन लपवूं नये. कोणतें दार सुरक्षित, हें पुष्कळदां त्याच्या त्या एका वाक्यावर ठरतें.