कुलाब्याचा खासदार आणि ब्रेटन वूड्सचं टेबल

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल मागे पडलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. आपल्याला तो पक्षी अभयारण्यामुळे माहीत असतो. पण किल्ला तिथे आहे तो व्यापारामुळे. बोरघाटातून देशावर जाणारा माल आणि पनवेलच्या खाडीतलं बंदर यांच्यामधली वाट इथून नजरेत राहते. म्हणून निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, मुघल, सगळ्यांना हा किल्ला हवा होता. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

पनवेल पुढे कुलाबा जिल्ह्यात गेलं. याच जिल्ह्यात, रायगडाजवळच्या नाते गावी, १८९६ मध्ये चिंतामणराव देशमुख जन्मले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते कुलाब्यातून निवडून गेले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रीपद सोडलं. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. त्याआधीची, १९४४ ची गोष्ट कमी सांगितली जाते.

त्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स गावी एका हॉटेलात ४४ देश जमले. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालेल, हे तिथे ठरणार होतं. भारत स्वतंत्र नव्हता. शिष्टमंडळाचे प्रमुख होते इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन. सोबत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. गंमत बघा, देशमुख तिथे बसले होते तेव्हा त्यांचे भावी पंतप्रधान नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते.

भारताचं मुख्य दुखणं होतं स्टर्लिंग शिल्लक. युद्धात ब्रिटन भारतातून माल उचलत होतं. त्याचे रुपये इथे रिझर्व्ह बँक छापत होती आणि बदल्यात लंडनच्या खात्यात फक्त पौंडांची नोंद होत होती. इथे नोटा वाढल्या, माल कमी झाला, महागाई भडकली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यामागच्या कारणांत ही महागाईही होती. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनचं देणं सुमारे १३० कोटी पौंडांवर, म्हणजे साधारण १,७०० कोटी रुपयांवर गेलं.

यातला काही भाग तरी डॉलरमध्ये बदलता यावा, अशी भारताची मागणी होती. ब्रिटन आणि अमेरिका दोघांनी ती नाकारली. आम्ही सावकारांशी थेट बोलून देणं फेडू, असं केन्स यांनी सांगितलं.

दुसरी मागणी शब्दांची होती. नव्या नाणेनिधीच्या उद्दिष्टांत श्रीमंत देशांचा व्यापार आणि रोजगार होता. मागास देशांच्या साधनसंपत्तीचाही उल्लेख हवा, असं भारताने धरून ठेवलं. मूळ शब्द मान्य झाले नाहीत, पण सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनांचा विकास, एवढं मसुद्यात आलं.

तिसरा वाद वाट्याचा. चीनला ५५ कोटी डॉलर आणि भारताला ४० कोटी. भारताचा क्रमांक सहावा होता. पुढे सोव्हिएत रशिया निधीत आलाच नाही, म्हणून भारत पहिल्या पाचांत गेला आणि आपला संचालक स्वतः नेमण्याचा हक्क मिळाला.

एवढ्या तपशिलांसाठी भांडायचं कशाला? सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. सुरुवातीला जो डिफॉल्ट ठरतो, तो पुढे वर्षानुवर्षं बदलत नाही, आणि बदलायचा तर ज्यांना तो सोयीचा आहे त्यांचीच परवानगी लागते. देशमुख इंग्रज सरकारचे नोकर होते, हा आक्षेप खरा आहे. पण स्वातंत्र्याची वाट बघत बसले असते, तर नियम भारताशिवाय लिहून झाले असते.

शब्द लिहून घेतला म्हणून पैसा लगेच आला नाही. जागतिक बँकेचं पहिलं कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला गेलं, २५ कोटी डॉलरचं. भारताला पहिलं कर्ज १९४९ मध्ये मिळालं, रेल्वेसाठी, ३.४ कोटींचं. स्टर्लिंगचे पैसेही टप्प्याटप्प्याने, वाटाघाटी करत सोडवून घ्यावे लागले.

१९४४ मध्ये नाणेनिधीच्या एकूण ८८० कोटी डॉलरमध्ये भारताचा वाटा साडेचार टक्के होता. आज तो पावणेतीन टक्के आहे. हा वाटा वाढावा म्हणून दिल्लीचे अधिकारी अजून वॉशिंग्टनला जाऊन भांडतात.