सरकारी खरेदीचा कागद आणि कामगाराची मजुरी



सरकार खरेदी कशी करते, हा विषय वसंत व्याख्यानाला रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांनीच १८९२ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत लोखंडाच्या धंद्यावर निबंध वाचला होता. तेव्हा लोखंडाची आणि टेंडराची गोष्ट ह्या व्यासपीठाला परकी नाही. शिवाय पैसा आपला आहे.

सरकारी खरेदीचा क्रम साधा असतो. कोणत्या तरी खात्याला वस्तूची गरज भासते. ते वर्षाची गरज मोजते, अंदाजपत्रकात रक्कम मंजूर करून घेते आणि मागणीपत्र लिहिते. मग त्या वस्तूचे वर्णन तयार होते. कचेरीत त्याला स्पेसिफिकेशन म्हणतात, सरकारी मराठीत विनिर्देश. वस्तू कशाची, किती जाड, किती टिकाऊ, तिची पारख कशी करावयाची, हे सारे त्यात येते. त्यानंतर टेंडर निघते, अनामत रक्कम भरली जाते, आणि वर्णनात बसणाऱ्यांपैकी ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला काम मिळते. लोकांची नजर शेवटच्या पायरीवर, म्हणजे भावावर असते. आमचे म्हणणे असे की, निम्मा निकाल वर्णन लिहितानाच लागलेला असतो.

हे आपल्याच देशाच्या इतिहासावरून पाहू. इंग्रजी अमलात सरकारला लागणारा बहुतेक कारखानदारी माल लंडनहून येई. येथील खात्याने मागणीपत्र पाठवावयाचे, तेथील इंडिया ऑफिसच्या भांडार खात्याने विलायतेत खरेदी करावयाची, आणि दाम हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यावयाचे! १८८३ साली सरकारने ठराव केला की, भाव आणि प्रत सारखी असेल तर देशी माल घ्यावा. ठराव चांगला होता. पण त्याचा उपयोग फारसा झाला नाही. कारण 'प्रत सारखी' म्हणजे कोणासारखी, हे ठरविणारे वर्णन विलायतेतील कारखान्यांच्या नमुन्यांवरून लिहिलेले असे. आणि येथे माल तपासून शिक्का मारणारे खातेच नव्हते. तपासणीच नाही, तेव्हा भरवसा नाही. भरवसा नाही म्हणून मागणी नाही. आणि मागणी नाही म्हणून कारखाना नाही.

हे चक्र प्रथम मोठ्या प्रमाणावर मोडले ते रुळांच्या बाबतीत. टाटांची पोलाद कंपनी १९०७ साली मुंबईत नोंदली गेली. सरकारने दहा वर्षे दरसाल २०,००० टन रूळ घेण्याचे कबूल केले. अट एवढीच की, रूळ ठरलेल्या प्रमाणाला उतरले पाहिजेत. १९१२ साली साकचीला पोलाद निघू लागले. पोलादात कार्बन किती, फॉस्फरस किती, हे तपासले जाई. रुळाच्या तुकड्यावर वरून जड वजन टाकून तो तडकतो का, हे पाहिले जाई. खरेदीची हमी आणि तपासणी ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या, आणि जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते शक्य झाले. पुढे औद्योगिक कमिशनने १९१८ च्या अहवालात हीच दिशा दाखविली. १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघाले, आणि १९३१ पासून निविदा रुपयांत मागवून माल हिंदुस्थानात पोचता घेण्याचा नियम आला. स्वदेशीची चळवळ रस्त्यावर होळ्या करून झाली, तशीच ती खरेदीच्या नियमांतील शब्द बदलूनही झाली, हे विसरता कामा नये.

येथपर्यंतची हकीगत अभिमानाची आहे. पण आम्ही कामगारांत वावरणारी माणसे; आम्हांला दुसरा प्रश्न पडतो. रूळ तपासण्यास माणूस होता. रूळ ओतणाऱ्याची मजुरी तपासण्यास कोण होते? साकचीला १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता, हे कंपनीचे श्रेय आम्ही मनापासून मान्य करतो. पण तो मालकाच्या मर्जीने होता, गिऱ्हाइकाच्या अटीने नव्हे. आणि १९२० साली त्याच गावात कामगारांना मजुरीसाठी मोठा संप करावा लागला.

गिऱ्हाइकाने अशी अट घालता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. खुद्द विलायतेत ती घातली गेली होती. तेथे तयार कपड्यांच्या धंद्यातील पिळवणुकीची चौकशी झाली, तेव्हा सरकारी गणवेश शिवणारेही त्यात सापडले. कापड कसे, टाका कसा, हे सरकारने लिहिले होते. शिवणारीच्या पोटाला काय मिळावे, हे लिहिले नव्हते. मग १८९१ च्या फेब्रुवारीत पार्लमेंटने 'रास्त मजुरी'चा ठराव केला: सरकारी कंत्राट घेणाऱ्याने त्या धंद्यातील रूढ मजुरी दिलीच पाहिजे. हा ठराव १९८३ पर्यंत टिकला. आपल्याकडे १९३१ च्या व्हिटले कमिशनने, ज्यात आमचे ना. म. जोशी एक सभासद होते, सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटांत किमान मजुरी आणि किमान वय ठरवून द्यावे अशी शिफारस केली. पुढच्या दशकात केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांत रास्त मजुरीचे कलम आलेही. १९४९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ह्याच विषयावर ९४ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही.

आता आमच्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगतो. एका कचेरीच्या सफाईचे टेंडर आम्ही पानन् पान वाचले. फिनेल कोणत्या प्रतीचे, झाडू किती वजनाचा, फरशी दिवसातून किती वेळा पुसावयाची, सारे बिनचूक लिहिले होते. कामाला किती माणसे लावावी, त्यांची साप्ताहिक सुटी कोणत्या दिवशी, पगार कोणत्या तारखेला, ह्याबद्दल 'कंत्राटदाराने प्रचलित कायदे पाळावेत' एवढी एकच ओळ! कंत्राट अर्थातच सर्वांत कमी भावाला गेले. फिनेलचा भाव कमी होत नाही, झाडूचा होत नाही. मग कमी काय झाले असेल? सहा बायांचे काम चौघींवर आले. त्यांतल्या एकीने आम्हांला विचारले, "दादा, त्या कागदात झाडू आहे, मग आम्ही का नाही?" ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत.

काळ पुढे गेला आहे. १९५१ चे पुरवठा महासंचालनालय २०१७ साली बंद झाले; २०१६ पासून सरकारची खरेदी संगणकावरच्या बाजारात होऊ लागली, आणि तेथे खुर्च्या-कागदांबरोबर मनुष्यबळही मागविता येते. २०१७ चे वित्तीय नियम सांगतात की, वर्णन मोजता येण्याजोगे असावे, एखाद्या छापाकडे झुकलेले नसावे, आणि मंजुरी चुकविण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत. नियम योग्यच आहेत. पण मोजता येण्याजोगे असेच हवे असेल, तर माणसांची संख्या, कामाचे तास आणि पगाराची तारीख ह्यांहून मोजण्यास सोपे काय आहे?

कोणी म्हणेल, अशाने काम महाग पडेल. थोडे पडेल खरे. पण आज जी बचत दिसते ती कोणाच्या तरी ताटातून काढलेली असते. तिला काटकसर म्हणणे आम्हांला पटत नाही. १८८३ चा ठराव तपासणीवाचून कागदावर राहिला. मजुरीचे कलमही तपासणारा नसेल तर तसेच राहील. म्हणून श्रोत्यांना एवढीच विनंती की, आपल्या नगरपालिकेचे पुढचे टेंडर निघेल तेव्हा ते मिळवून वाचा. भावाचे पान शेवटी पाहा. आधी वर्णनाचे पान उघडा, आणि त्यात झाडूबरोबर झाडू धरणारी आहे का, तेवढे पाहा.